जुना लॅपटॉप, विंडोज ११ आणि भाच्याचं व्हॅलोरंट : करू का अपग्रेड?

कराडकर_मामा

मंडळी नमस्कार, इथे नेहमी वाचत असतो, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

२०१७ ला घेतलेला लॅपटॉप आहे. आय५ सातवी जनरेशन (७२००यू), ८ जीबी रॅम, एनव्हिडियाचं ९४०एमएक्स ग्राफिक कार्ड २ जीबी, १ टीबी हार्डडिस्क. तेव्हा पैसे वाचतात म्हणून डॉसवाला (विंडोज नसलेला) घेतला होता, दुकानदारानेच "काळजी नको साहेब, ओरिजनल टाकून देतो" म्हणत विंडोज १० टाकून दिलं, तेच आजपर्यंत चालू आहे. माझं काम म्हणजे एक्सेल, नेटबँकिंग आणि वर्षातून एकदा आयटी रिटर्न.

दिवाळीला भाचा आलाय, अकरावीत आहे. त्याने व्हॅलोरंट (ऑनलाइन गोळीबाराचा गेम) टाकलं आणि आता रोज एकच टेप, मामा विंडोज १० मेलं, ११ टाक, गेम पळेल. गेम पहिली पंधरा मिनिटं बरा चालतो, साठच्या आसपास एफपीएस (सेकंदाला फ्रेम) दाखवतो, मग एकदम बावीस-पंचवीसवर येतो आणि पंखा असा ओरडतो की आई स्वयंपाकघरातून विचारते गिरणी लावली का. लॅपटॉप सुरू व्हायला चार मिनिटं लागतात, तेवढ्यात माझा चहा होतो.

मायक्रोसॉफ्टचं ते तपासणीचं ॲप चालवलं तर म्हणतंय प्रोसेसर चालणार नाही. यूट्यूबवाले म्हणतात पाच मिनिटात होतं. करू का? गेम खरंच पळेल का?

चहाबिस्किट

विंडोज १० मेलेलं नाही, पेन्शनीत गेलंय. १४ ऑक्टोबर २०२५ ला नेहमीचा सपोर्ट संपला, म्हणजे त्या दिवशी रात्री बारा वाजता लॅपटॉपचा भोपळा होत नाही, फक्त नवीन सिक्युरिटी अपडेट यायची थांबतात. ती पण अजून वर्षभर, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येतात, ईएसयू म्हणून योजना आहे. सेटिंग्जमधे विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीची लिंक येते, मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर फुकट, नाहीतर ३० डॉलर. व्हर्जन मात्र २२एच२ हवं.

भाच्याला सांगा एवढी घाई नाही.

हेडशॉट_०७

मामा थांबा थांबा ११ टाकू नका घाईत!! मी डायमंड रँकला आहे आणि हे भोगलंय. व्हॅलोरंटचं जे व्हॅनगार्ड आहे ना अँटीचीट (चीटिंग पकडणारा प्रोग्राम), ते विंडोज ११ वर टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) दोन्ही चालू असल्याशिवाय गेम उघडूच देत नाही, व्हॅन ९००१ नाहीतर ९००३ असा एरर टाकतं आणि विषय संपला. १० वर ही अट नव्हती, त्यामुळे ज्यांनी यूट्यूब बघून बायपास मारून ११ टाकलं त्यांचं विंडोज चालतं पण गेमच चालत नाही 😭 माझ्या रूममेटचं सेम झालं, पाच जणांची टीम तयार, चार जण लॉबीत आणि हा बायोसमधे (विंडोजच्या आधीच्या मूळ सेटिंग्जमधे).

पेंग्विनप्रेमी

जुन्या मशीनला नवीन विंडोज म्हणजे गुडघेदुखीच्या माणसाला चौथा मजला. विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाका सरळ. फुकट आहे, हलकं आहे, २०१८ पासून स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात प्रोटॉन आल्यावर विंडोजचे ढीगभर गेम लिनक्सवर चालतात. स्टीम डेक (हातात धरून खेळायचं यंत्र) लिनक्सवरच चालतं हे लोकांना माहीतच नसतं.

हेडशॉट_०७

व्हॅलोरंट चालतं का?

पेंग्विनप्रेमी

नाही.

चहाबिस्किट

😂 धागा संपला.

पेंग्विनप्रेमी

हसा हसा. व्हॅलोरंट चालत नाही हा लिनक्सचा दोष नाहीये, व्हॅनगार्ड कर्नलमधे (विंडोजच्या गाभ्यात) बसतं आणि बनवणाऱ्यांनी ते फक्त विंडोजसाठी बनवलंय. फोर्टनाइटचं पण तेच. जीटीए फाइव्हची स्टोरी मोड चालते पण सप्टेंबर २०२४ मधे बॅटलआय हे अँटीचीट आल्यापासून ऑनलाइन बंद. याउलट काउंटर स्ट्राइक २ आणि डोटा २ थेट लिनक्सचेच आहेत, प्रोटॉन पण लागत नाही. त्यामुळे कुठली ओएस (ऑपरेटिंग सिस्टम) हा प्रश्नच उलटा आहे, आधी सांगा खेळणार काय, मग ओएस ठरते. भाचा काउंटर स्ट्राइकवर येत असेल तर बोला.

कराडकर_मामा

विचारलं. म्हणतो मित्र सगळे व्हॅलोरंटवर आहेत, एकटा काय करू. खरं आहे, आम्ही पण क्रिकेट सोडून हॉकी खेळायला गेलो नसतो.

स्क्रूड्रायव्हर

मामा, मी नाशिकला लॅपटॉप रिपेअरिंग करतो, बारा वर्षं झाली. वरच्या सगळ्यांनी ओएसवर चर्चा केली आणि तुम्ही पहिल्याच पोस्टमधे लिहिलेली गोष्ट कोणी वाचलीच नाही. पंधरा मिनिटं साठ आणि मग बावीस. ओएस जुनी असती तर पहिल्या मिनिटापासून बावीस असते. पंधरा मिनिटांनी पडतंय म्हणजे मशीन तापतंय आणि स्वतःला वाचवायला स्पीड खाली आणतंय. ११ टाका नाहीतर २१ टाका, ते तसंच पडणार.

आठ वर्षांत कधी उघडलाय का? नसेल उघडला तर पंख्याच्या पुढे तांब्याच्या नळीला जी जाळी असते तिच्यावर धुळीची गोधडी झालेली असेल. बाहेरून हवा मारून ती निघत नाही, पंखा काढला की आतल्या बाजूला हाताने सोलून काढावी लागते, माझ्याकडे एकदा एकातून झुरळाची अख्खी फॅमिली निघाली होती. आणि प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (उष्णता पुढे नेणारा लेप), ती वाळून खडू झालेली असते.

दुसरी गोष्ट चार मिनिटांचं बूट. टास्क मॅनेजर उघडा, लॅपटॉप सुरू केल्या केल्या डिस्कचा आकडा बघा. शंभर टक्के दाखवत असेल तर तुमचा शत्रू तिथे बसलाय. ५४०० आरपीएमची लॅपटॉप हार्डडिस्क आहे ती, विंडोज १० लाच पुरत नाही, ११ टाकलं तर चहाबरोबर पोहे पण करून होतील.

हे तीन बघून सांगा:
एचडब्ल्यूमॉनिटर टाकून गेम खेळताना तापमान किती जातं.
रनमधे टीपीएम डॉट एमएससी टाकून काय येतं.
रनमधे एमएसइन्फो३२ टाकून बायोस मोडच्या पुढे लेगसी (जुनी पद्धत) लिहिलंय का यूईएफआय (नवी).

कराडकर_मामा

बघितलं.
तापमान ९७.
टीपीएम सापडत नाही म्हणतंय.
बायोस मोड लेगसी.
डिस्क शंभर टक्के, पाच मिनिटं हललाच नाही आकडा, मला वाटलं स्क्रीन अडकली.

स्क्रूड्रायव्हर

९७ 😬 या प्रोसेसरची मर्यादाच शंभर आहे. तुमचा लॅपटॉप गेम खेळत नाहीये, जीव वाचवतोय.

टीपीएमचं टेन्शन नको, सातव्या जनरेशनमधे ते आतच असतं, बायोसमधे पीटीटी नावाने झोपवून ठेवलेलं असतं, चालू केलं की दिसेल. लेगसीचं कारण तुमचा तो दुकानदार. तेव्हा सरसकट सगळे जुन्या पद्धतीने पेनड्राइव्ह मारायचे, डिस्क एमबीआर आणि बूट लेगसी, आणि लेगसीत सिक्युअर बूट चालू होतच नाही. विंडोजमधेच एमबीआरचं जीपीटी (डिस्कची नवी पद्धत) करायचं टूल आहे, डेटा न उडवता होतं, पण बॅकअप घेतल्याशिवाय हात लावायचा नाही.

चहाबिस्किट

एक मिनिट. मामा, तो "ओरिजनल" विंडोजचा किस्सा परत सांगा. बिल दिलं होतं का विंडोजचं?

कराडकर_मामा

बिल कुठलं ताई, बॅग आणि माऊस फुकट दिला त्यातच आम्ही खूश. अधूनमधून "ॲक्टिव्हेट विंडोज" असं कोपऱ्यात यायचं, मग फोन केला की तो लांबूनच एनीडेस्कवरून काहीतरी करून द्यायचा. अँटीव्हायरस पाच मिनिटं बंद करायला सांगायचा.

चहाबिस्किट

आणि यावर तुम्ही नेटबँकिंग करता.

मामा राग मानू नका, पण मी आता गेमचं बाजूला ठेवून बोलते. तो जे करून द्यायचा ते ॲक्टिव्हेटर, म्हणजे चोरीचं विंडोज खरं भासवणारा प्रोग्राम. अँटीव्हायरस बंद करून, ॲडमिनच्या अधिकाराने, कोणी बनवला माहीत नाही असा प्रोग्राम तुमच्या मशीनवर आठ वर्षांत किती वेळा चालला? बहुतेक वेळा काही होत नाही, मान्य. पण घराची किल्ली वाटसरूला देऊन "बहुतेक वेळा काही होत नाही" असं कोणी म्हणत नाही. यावर ईएसयू घेणं म्हणजे मोडक्या दाराला नवीन कुलूप. मी वर लिहिलं होतं घाई नाही, ते शब्द मागे घेते. भाच्याच्या गेमसाठी नको, तुमच्या एफडीसाठी हे विंडोज पुसा.

म्युनिककर

+१. आमच्याकडे युरोपात ईएसयू बॅकअपच्या अटीशिवाय मिळतं त्यामुळे माझ्या जुन्या लॅपटॉपवर मी १० च ठेवलंय, पण ते लायसनवालं आहे. मामांची केस वेगळी, पुसायचंच आहे आणि लायसन घ्यायचंच आहे तर वर्षभरात संपणाऱ्या १० वर कशाला पैसे घालायचे. आणि कृपया ते पाचशे रुपयाला विंडोजची "की" (लायसनचा नंबर) विकणारे आहेत त्यांच्या नादी लागू नका, ती पण त्याच दुकानदाराची चुलत भावंडं.

हेडशॉट_०७

म्हणजे ११ च टाकायचं ना शेवटी?? मग भाचा बरोबर होता 😎

चहाबिस्किट

उत्तर बरोबर, गणित चुकलं. अर्धा मार्क.

स्क्रूड्रायव्हर

ठीक आहे, मग आता क्रमाने सांगतो, कारण क्रम चुकला की डबल काम.

आधी एसएसडी, म्हणजे हार्डडिस्कच्या जागी बसणारी चिपवाली वेगवान डिस्क. अडीच इंची साटा घ्या ४८० नाहीतर ५०० जीबीची, तुमच्या मॉडेलला एम डॉट टू ची (छोट्या पट्टीसारख्या एसएसडीची) जागा आहे का ते उघडल्यावर कळेल पण साटा हमखास बसते. जुनी हार्डडिस्क फेकू नका, डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर तो काढून त्या जागी कॅडी (डिस्क ठेवायची चौकट) बसते, तिच्यात हार्डडिस्क टाकायची, फोटो आणि सिनेमे तिकडे. गेम मात्र एसएसडीवरच. तुमच्याकडच्या कोणाला लॅमिंग्टन रोडला जायचं असेल तर कॅडीची जाडी मोजून द्या, साडेनऊ आणि १२.७ एमएम अशा दोन येतात, चुकीची आणली की परत मुंबई.

रॅमचं म्हणाल तर एक वर्षापूर्वी मी डोळे झाकून सांगितलं असतं अजून आठची काडी टाका. पण आता रॅमचे भाव असे चढलेत, एआयवाल्यांच्या डेटा सेंटरांनी सगळा माल उचललाय, की सध्या आठवर भागवा. गेम खेळताना क्रोम बंद ठेवा.

उघडणार कोण? स्वतः उघडणार असाल तर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढायचा, चार्जर काढला म्हणजे झालं असं नाही. बॅटरी फुगलेली दिसली तर तिथेच थांबायचं, टोचायची नाही, दाबायची नाही. स्क्रू कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून त्या त्या जागी ठेवायचे, कारण लांब स्क्रू आखूड जागी पिळला की कीबोर्डमधून वर येतो. शेवटी एक स्क्रू उरतोच, तो देवाचा.

मग बायोस. लेगसी बंद, यूईएफआय, पीटीटी चालू, सिक्युअर बूट चालू. सगळं *आधी*, विंडोज टाकायच्या आधी. म्हणजे नवीन एसएसडीवर सुरुवातीपासूनच जीपीटी होतं आणि एमबीआर बदलायची भानगडच नाही. पेनड्राइव्ह रूफसने बनवा, तो विंडोज ११ च्या अटी वगळायच्या का विचारतो, तिथे टिक.

म्युनिककर

एक पुस्ती जोडतो. यादीत नसलेल्या प्रोसेसरवर ११ टाकलं तर मायक्रोसॉफ्ट स्पष्ट लिहून देतं की अपडेट मिळण्याची हमी नाही. प्रत्यक्षात महिन्याचे अपडेट येत राहतात, वर्षाचं मोठं व्हर्जन मात्र आपण होऊन येईलच असं नाही, ते हाताने टाकावं लागतं. ११ च्या २४एच२ व्हर्जनपासून पॉपकाउंट आणि एसएसई ४.२ या सूचना नसलेले फार जुने प्रोसेसर बूटच होत नाहीत, पण सातव्या जनरेशनला तो प्रश्न नाही.

आणि यूट्यूबवर सांगतील की मेमरी इंटिग्रिटी ही विंडोजची सुरक्षेची सोय बंद करा, एफपीएस वाढतात. थोडे वाढतात हे खरंय. कॅबी लेकच्या (इंटेलची सातवी जनरेशन) आधीच्या प्रोसेसरना ती जास्त जड जाते, तुमचा कॅबी लेकच आहे. बँकेचं काम त्याच मशीनवर आहे तर चालू ठेवा.

पेंग्विनप्रेमी

ड्रायव्हरचं पण बघा. ९४०एमएक्स मॅक्सवेल पिढीतलं आहे, एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ पासून मॅक्सवेल आणि पास्कलला नवीन गेमसाठीचे ड्रायव्हर बंद केलेत, आता ५८० च्या मालिकेतलाच घ्यायचा. ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट येतील, तेही तीन महिन्यांनी एकदा. लिनक्सवर पण तेच, ५९० च्या ड्रायव्हरमधे हे कार्ड नाहीये. म्हणजे कार्ड आहे तेवढंच राहणार, कुठलीही ओएस टाका. (हो, माझीसुद्धा.)

कराडकर_मामा

एवढं सगळं कोणी नातेवाईक पण सांगत नाही. प्रिंट काढून भाच्याला दिलीय, म्हटलं अपग्रेड हवं ना, मग तूच करायचं, मी बाजूला बसतो.

कराडकर_मामा

(नऊ दिवसांनी)

झालं! सविस्तर लिहितो कारण तुम्ही सगळ्यांनी वेळ दिलात.

एसएसडी ५०० जीबीची घेतली, तीन हजाराच्या आत बसली. विंडोज ११ होमचं लायसन मात्र बिल घेऊन विकत घेतलं, ते एसएसडीपेक्षा कितीतरी महाग पडलं आणि बायकोने विचारलं की ही पेटी एवढी हलकी कशी. कॅडी साडेनऊची, मोजूनच आणली.

उघडताना भाच्याचे हात थरथरत होते आणि माझे पण. पंखा काढला तर स्क्रूड्रायव्हर भाऊ, गोधडी म्हणालात ते कमीच होतं, वाळलेला लिंबाएवढा गोळा निघाला, त्यात आमच्या जुन्या मांजरीचे केस सुद्धा होते, ती जाऊन चार वर्षं झाली. आई म्हणाली फेकू नका, मग लगेच म्हणाली फेका. पेस्ट खरंच खडू. नवीन लावली, मटाराच्या दाण्याएवढी, जास्त लावायचा मोह आवरला. स्क्रू एकच उरला, देव्हाऱ्यात ठेवलाय.

बायोसमधे एक गंमत झाली. सिक्युअर बूट चालू व्हायचंच नाही, करडं दिसायचं. अर्धा तास गेल्यावर भाच्याने शोधलं की आधी बायोसला सुपरवायझर पासवर्ड लावावा लागतो, मग तो पर्याय उघडतो. ज्यांना अडेल त्यांच्यासाठी लिहून ठेवतोय.

विंडोज टाकायला वीस मिनिटं, जुन्या डिस्कवरचं विंडोज पुसून टाकलं, त्याआधी फक्त फोटो आणि एक्सेल काढून घेतले, एकही एक्सई (प्रोग्रामची) फाइल उचलली नाही (चहाबिस्किट ताईंची तंबी). बँकेचे पासवर्ड सगळे दुसऱ्या मशीनवरून बदलले.

आता मुद्द्याचं. सुरू व्हायला अठरा सेकंद. चहा आता वेगळा उठून करावा लागतो.

व्हॅलोरंट पहिल्या झटक्यात उघडलं, एरर नाही. एफपीएस किती? साठच्या आसपास. म्हणजे जेवढे आधी पहिल्या पंधरा मिनिटांत होते तेवढेच! विंडोज ११ ने एक फ्रेम वाढवली नाही. पण दोन तास खेळला तरी साठचे साठच, तापमान ७९ च्या वर गेलं नाही. भाचा आधी खट्टू झाला, म्हणाला मामा वाढले कुठे. मग तिसऱ्या मॅचला त्याच्या लक्षात आलं की शेवटच्या राउंडला पण गेम अडकत नाहीये.

स्क्रूड्रायव्हर

७९! क्या बात है. पहिल्यांदा उघडणाऱ्याने ७९ आणलं. भाच्याला सुट्टीत नाशिकला पाठवा, कामाला ठेवतो. एक काम अजून, खेळताना चार्जर लावलेलाच ठेवायचा, बॅटरीवर कार्ड अर्धा स्पीड पण देत नाही.

हेडशॉट_०७

भाच्याची रँक काय आहे?

कराडकर_मामा

आयर्न, म्हणजे सगळ्यात खालची. काल सलग चार मॅच हरला. आधी लॅपटॉपला शिव्या द्यायचा, आता ते कारण राहिलं नाही, म्हणून नवीन माऊस पाहिजे म्हणतो.

गणपत_वाडीकर

नमस्कार, नवीन सदस्य. छान माहिती. माझ्याकडे तिसऱ्या जनरेशनचा आय३ आहे, ४ जीबी रॅम, ग्राफिक कार्ड नाही. एसएसडी टाकली तर जीटीए सिक्स चालेल का?

पेंग्विनप्रेमी

दादा, जीटीए सिक्स पीसीसाठी अजून जाहीर पण झालेला नाही.

चहाबिस्किट

छान झालं की. तोपर्यंत पंखा साफ करून होईल.